पाठकोरा कागद

सून कामावरून घरी आली, तेव्हा सासरे दिवाणखान्याच्या मधोमध एकट्या उजव्या पायावर उभे होते आणि त्यांची चार वर्षांची नात मोठमोठ्यानं आकडे मोजत होती.

"अठ्ठावीस, एकोणतीस... आजोबा, तोंड लाल झालंय!"

"होऊ दे," सासरे दात आवळून म्हणाले. "तू मोज. तुझ्या आईला ऐकू जायला हवं."

सून चपलांसकट आत धावली. तसं घाबरायला तिला फारसं निमित्त लागत नसे; लेक दोनदा शिंकली तरी ती थर्मामीटर शोधायची. पण वास्तुविशारदाच्या कचेरीतली तिची नोकरी सासू-सासरे या दोन म्हाताऱ्यांच्या जिवावर चालली होती. नात त्यांच्यापाशी, म्हणून आई नकाशांपाशी. त्यातलं एक माणूस जरी आडवं झालं असतं तरी सगळंच आडवं होणार होतं.

"बाबा, पाय खाली ठेवा! पडाल!"

"पडतो, पण सांगत नाही," सासरे म्हणाले. "असंच लिहिलंयस ना?"

स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. हातात नातीनं काढलेलं हत्तीचं चित्र होतं. त्यांनी ते सावकाश उलटं केलं, आणि मागची छपाई सुनेनं लांबूनच ओळखली.

कचेरीत सध्या एकच घाई होती: ज्येष्ठांच्या वसाहतीचा आराखडा; जागेवर नमुन्याचं एक घरही बांधून झालं होतं. आधी स्वतंत्र घर, मग मदतनीस हाताशी असलेली खोली, शेवटी चोवीस तास शुश्रूषा; सगळं एकाच कुंपणात, म्हणजे उतारवयात पुन्हापुन्हा बिऱ्हाड हलवायला नको. "मनातले म्हातारे नकोत," साहेबांनी बजावलं होतं, "खऱ्या माणसांचे गुडघे आणा." सुनेनं आणले. घरात होतेच. आता बिघडलेल्या छपाईचे पाठकोरे कागद ती लेकीला चित्रांसाठी आणायची, आणि आजोबांची रीत अशी की प्रत्येक चित्रामागे तारीख आणि नातीचं वय लिहून ठेवायचं. आज त्यांनी चित्र उलटलं, तर मागे सुनेच्या टिपणानं लिहायला जागाच ठेवली नव्हती.

"'रहिवासी क्रमांक एक,'" सासूबाई वाचू लागल्या. "'वय बहात्तर. उजवा गुडघा कामातून गेलेला. पडतो, पण सांगत नाही. दोन वर्षांत मधल्या विभागात.' 'रहिवासी क्रमांक दोन. ऐकू कमी येतं. मान्य करत नाही.'"

"आई, ती माणसं काल्पनिक आहेत हो!"

"काय?"

"काल्पनिक!"

"ओरडतेस कशाला? मला ऐकू येतं."

"आणि काल्पनिक माणसाचा उजवाच गुडघा कसा गेला?" सासऱ्यांनी भिंत धरत विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. नणंद. "वहिनी, आईनं कागदाचा फोटो पाठवलाय. बाबांना कधी नेऊन टाकतेयस तेवढं सांग. मी रजा टाकून येते."

सुनेनं फोन ठेवला आणि तिला रडूच कोसळलं. "आई, बाबा, शप्पथ सांगते, मी जिवंत असेपर्यंत तुम्हाला कुठ्ठे पाठवणार नाही!"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासऱ्यांचा पाय आपोआप खाली आला.

"असं नको गं म्हणूस," ते चाचरत म्हणाले. "आम्ही नाव नोंदवून आलोय."

"कु... कुठे?"

"तिथेच. कागदावर वसाहतीच्या जागेचा पत्ता होता. दुपारी तुझ्या साहेबाला चांगलं फैलावर घ्यायला गेलो. त्यानं आधी नमुन्याचं घर दाखवलं." सासऱ्यांचा आवाज मऊ झाला. "न्हाणीघरातली दांडी बरोब्बर माझ्या हाताला येते. कुठेही वाकावं लागत नाही. मला कुणीतरी शिंप्यासारखं मापून घेतल्यासारखं वाटलं."

"आणि दाराची बेल वाजली की भिंतीवर दिवा लागतो," सासूबाई म्हणाल्या. "मला गरज नाही. पण दिवा छान आहे."

"मी तीनदा लावला!" नात म्हणाली.

सून मटकन खुर्चीत बसली. इतका वेळ ती त्यांचं मन राखायला निघाली होती आणि ते बिऱ्हाडच आवरायला निघाले होते. "अहो, पण हिच्याकडे कोण बघणार? माझी नोकरी?"

"नियम अकरा," सासऱ्यांनी खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. "'रहिवाशांना नातवंडं सांभाळायला लावू नये. नातवंडांच्या भेटीची वेळ रविवारी चार ते सहा.' फार समजूतदार माणसानं लिहिलाय हो. मी साहेबाला नावही विचारलं."

सुनेनं पत्रक ओढून उलटं ठेवलं. नाव तिला माहीत होतं; ते तिचंच होतं.

सासऱ्यांनी दुसरा पाठकोरा कागद ओढला, चष्मा लावला आणि मोठ्यानं उच्चारत लिहायला घेतलं. "'रहिवासी क्रमांक तीन. वय एकतीस. गुडघे उत्तम. म्हाताऱ्यांवाचून एक दिवस निभत नाही. मान्य करत नाही.'"

"करते!" सून किंचाळली. "मान्य करते!"

सासूबाईंनी कानामागे हात नेला आणि नवऱ्याकडे वळून शांतपणे विचारलं,

"काय म्हणाली हो ही?"