मामलेदार, फौजदार आणि जनाआक्का

जनाआक्का रोज सकाळी मोजणीच्या खुंट्या उपटून माझ्या शाळेत आणून टाकायची. लाल फडकी बांधलेल्या, चांगल्या मोळीभर.

"मास्तर, त्या पावण्यांच्या काठ्या इसरल्यात बघा डोंगरावर. आलं तर द्या."

दुपारी मोजणीवाले त्या पुन्हा ठोकायचे. सकाळी मोळी पुन्हा माझ्या दारात.

गोष्ट सत्तरच्या सुमाराची. चंदगडच्या डोंगरात, एका धनगरवाड्यावर मी मास्तर होतो. बारा घरं आणि सगळ्यांत मिळून एक झरा. डोंगरापलीकडच्या कारखान्याला आपलं घाण पाणी पाईपातून खाली सोडायचं होतं, आणि पाईप नेमका झऱ्याच्या डोक्यावरून जाणार होता.

आक्का साठीची, विधवा, एकटी. तिच्या दोन म्हशींची नावं मामलेदार आणि फौजदार. "फौजदार लाथा मारतोय आज," असं ती भर रस्त्यात ओरडायची, आणि चंदगडहून आलेला एखादा शिपाई दचकून बघायचा.

खुंट्यांनी भागेना. चर खणला गेला, तशी आक्काने दोन्ही म्हशी चरात नेऊन बांधल्या आणि शेजारी स्वतः बसली. दुसऱ्या दिवशी अख्खा वाडा बसला. नवव्या दिवशी कारखान्याचे साहेब जीपमधून आले.

"या म्हशी कुणी बांधल्या?"

"ह्यो मामलेदार, त्यो फौजदार. त्यास्नीच इचारा."

"बाई, पाईप बंद असतो. थेंब गळायचा नाही."

"मग तुमच्या आडावरनं न्या की!"

साहेब जीप वळवून निघून गेले. आठवड्याभरात निरोप आला, पाईप समोरच्या डोंगराने जाईल. वाड्यावर पुरणपोळ्या झाल्या. आक्का मात्र दिसेना. म्हशी घेऊन ती समोरच्या वाडीतल्या चरात जाऊन बसली होती. त्या वाडीतली धडधाकट माणसं गोव्याला कामाला गेलेली, मागं म्हातारीकोतारी.

"आक्का, आपलं भागलं की," मी म्हणालो.

"कुठं भागलंय? चला, तुमीबी बसा."

मी सरकारी नोकर. बसलो नाही. वाड्यावरचंही कुणी गेलं नाही. पोलिसांनी तिला उचलून चंदगडला सोडलं, ती चालत परत येईपर्यंत पाईप पुरून झाला होता. पावसाळ्यानंतर सांधा गळला. तिथल्या झऱ्याला वास यायला लागला.

तेव्हापासून आक्का रोज आमच्या झऱ्याची भरलेली घागर डोक्यावर घेऊन दरी उतरायची आणि समोरचा चढ चढायची. एकदा मी दुसरी घागर घेऊन सोबत गेलो. शेवटच्या घरापाशी ती थांबली. आतून एक म्हातारी आली. नाकडोळे हुबेहूब आक्काचे. न बोलता तिने घागरी आत नेल्या, रिकाम्या आणून ठेवल्या.

"धाकटी भण," परत निघताना आक्का हळूच म्हणाली. "वाटणीवरनं भांडलो. पंधरा वर्सं झाली, बोलत न्हाय."

आम्ही अंगण ओलांडलं, तोच मागून आवाज आला.

"मास्तरला म्हणावं, चा टाकलाय."

आक्का जागच्या जागी थांबली. मग पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "चला की. तुमास्नी बोलावलंय."

कप तीन होते.