अठरा कुलपं आणि एक गृहभेट

गृहभेटवाल्या बाई दुसऱ्यांदा यायच्या होत्या, त्या सकाळी किल्लीदादाच्या घरात चहाची पूडसुद्धा कुलपात होती.

तसा माणूस गुणी. बाजारात कुलूप-किल्लीचं दुकान, घरी बायकोचं शिवणकाम. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि घर सुनंसुनं होतं. नऊ आणि पाच वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी आईबापांविना तीन वर्षांत चार घरं फिरल्या होत्या. त्यांना दत्तक घेऊन कायमचं घरी आणायचं म्हणून दोघांनी अर्ज केला होता. दत्तक संस्थेच्या बाई घर बघायला पहिल्यांदा आल्या तेव्हा जाताना म्हणाल्या, "औषधं, सुऱ्या, हत्यारं, साबण मुलींच्या हाती लागता कामा नये. बाथरूमला आतून कडी लावून पोरं अडकतात, तेही बघा. पुढच्या भेटीत मी हो किंवा नाही लिहून देणार."

आता हेच सुताराला सांगितलं असतं, तर त्यानं एक फळी उंचावर ठोकली असती. बाईंनी सांगितलं कुलूपवाल्याला! गड्यानं आठवड्याभरात अठरा कुलपं ठोकली. कपबशा फुटतात, लावा कुलूप. चहाची पूड साबणाशेजारी, लावा कुलूप. बाथरूमची आतली कडी त्यानं उपटली, आणि पोरी एकट्या पाण्यात जायला नकोत म्हणून दार ओढताच आपोआप लागणारं आणि बाहेरून किल्लीनंच उघडणारं कुलूप बसवलं. सगळा जुडगा एका पेटीत, पेटीला कुलूप, आणि तिची किल्ली स्वतःच्या खिशात.

बाई आल्या, बसल्या. बायको हळूच म्हणाली, "अहो, किल्ली द्या, चहा टाकते."

त्यानं खिसा चाचपला आणि तोंडचं पाणी पळालं. "अगं, माझी कालची पँट कुठाय?"

"धुण्याच्या मशीनमध्ये. तुम्हीच नाही का ही इस्त्रीची घातलीत?"

मशीन घुर्रर्र करत गरगरत होतं. आत पाणी, म्हणजे दार उघडायचं नाही. चाळीस मिनिटं बाकी. घरात त्यानं न बसवलेलं हे एकच कुलूप, आणि नेमकं तेच अडून बसलं होतं.

तेवढ्यात बाई बाथरूम बघायला म्हणून आत गेल्या आणि सवयीनं दार ओढलं. खट्!

"अहो, इथे कडी कुठंय?" आतून आवाज आला.

"काढली," किल्लीदादा म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात."

दुकानातनं आणलेली हत्यारंसुद्धा कुलपात. शेवटी नाक मुठीत धरून त्यानं नाक्यावरच्या दुसऱ्या कुलूपवाल्याला फोन लावला. "माझ्या घरातलं कुलूप उघडायला ये रे." पलीकडचा पोट धरून हसला, "सकाळी सकाळी थट्टेला दुसरं कोणी नाही सापडलं होय?" आणि फोन ठेवून दिला.

"संपलं सगळं," किल्लीदादा डोक्याला हात लावून पुटपुटला. "माझ्या हातानं पोरी घालवल्या मी."

"रडायचं ते मागाहून," बायको म्हणाली. "बाई गप्प का झाल्या, ते बघा आधी."

दोघं दाराला कान लावून उभे राहिले. आतून अगदी बारीक आवाज आला, "मला बंद जागेत भीती वाटते हो."

किल्लीदादा इस्त्रीच्या पँटसकट फरशीवर बसला. दाराखालच्या फटीतून त्यानं बोटं आत सरकवली. "बाई, ही माझी बोटं. मी इथंच आहे, हलत नाही. तुम्ही बोलत राहा."

"काय बोलू?"

"प्रश्न विचारा ना," बायकोही शेजारी टेकली. "त्याचसाठी आलात ना?"

बाईंनी आत एक लांब श्वास घेतला. मग, "तुम्ही दोघं भांडता का?"

"आज तुम्ही गेलात की भांडणार आहोत," बायको म्हणाली.

आत खुदकन हसू. "राग कोणाला जास्त येतो?"

"हिला. पण जेवायच्या आत उतरतो."

असं विचारत विचारत बाईंचा आवाज सुटला. शेवटी त्यांनी विचारलं, "मूल घाबरलं तर काय कराल?"

किल्लीदादा फटीतली बोटं तशीच ठेवून पाठ केलेलं उत्तर जुळवायला लागला.

"राहू द्या," बाई आतून म्हणाल्या. "कळलं मला."

मशीन थांबलं, ओली पँट निघाली, पेटी उघडली, दार उघडलं. बाई बाहेर येऊन गटागटा पाणी प्यायल्या, त्यांनी कागदावर सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. "होय लिहिलंय. औषधं, सुऱ्या, हत्यारं आणि साबणाची कुलपं ठेवा, बाकीची आजच्या आज काढा. सोमवारी दोघी येतील."

बायको तिथंच ढसाढसा रडली. किल्लीदादानं बाईंना वाकून नमस्कार केला, आणि भांडण राहूनच गेलं.

सोमवारी पोरी आल्या. धाकटी घरभर हुंदडली. थोरली मात्र पिशवी छातीशी धरून उभी. कपाटाकडे बघत म्हणाली, "काका, मला एक खण मिळेल? कुलपाचा? सगळीकडे माझ्या वस्तू कोणीतरी घेतं."

किल्लीदादानं दुकानातलं सगळ्यात देखणं कुलूप आणून खणाला बसवलं. दोन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

"दुसरी तुमच्याकडे नको?"

"नको गं. खण तुझा, किल्ल्याही तुझ्याच."

तिनं पिशवी खणात ठेवली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग एक किल्ली त्याच्यापुढे धरली. "ही असू दे तुमच्याकडे."

जन्मभर लोकांनी त्याच्या हातात हजारो किल्ल्या दिल्या होत्या, पण त्या सगळ्या परत नेण्यासाठी.