अण्णांचा दुसरा गिअर

आमच्या गल्लीतले अण्णा चौगुले पिकअपचा दुसरा गिअर टाकण्याआधी गाडीतल्या सगळ्यांना गप्प बसवायचे. "बोलू नगासा. दुसरा टाकतोय." मग अण्णा मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत, क्लच दोनदा दाबत आणि पाठीत धपाटा घालावा तसा तळहात दांड्यावर हाणत. गिअर पडला की शेजारच्यानं दांडा दोन्ही हातांनी धरून बसायचं, नाहीतर तो सुटून न्यूट्रलला यायचा. "सोडू नगंस, चढ संपू दे," हे ऐकतच आमची अख्खी गल्ली मोठी झाली.

गाडी जुनी, गुळाची भाडी मारायला घेतलेली. पुढं भाडी थांबली, काकू वारल्या, मुलगी बेळगावला नांदायला गेली. उरले अण्णा आणि पिकअप. कुणाचं कपाट हलवायचं असो, मांडवाचं सामान असो की दवाखाना, हाक अण्णांनाच. माझ्या चुलतभावानं, सचिननं, एकदा गाडी चालवून बघितली, तर गिरणीत खडा गेला की काय म्हणून बायका बाहेर आल्या.

"अण्णा, गिअरबॉक्स करून घ्या की," म्हटलं की म्हणायचे, "तिला काय धाड भरलीय? चालवणाऱ्याला अक्कल पायजे."

मग गेल्या हिवाळ्यात बहिणीचं सामान सोडून अण्णा आणि मी हुपरीहून परत येत होतो. पुलाच्या चढावर आतून कडाड् आवाज आला आणि दांडा माझ्या हातात नुसताच डुलायला लागला. गाडी मागं सरकायला लागली. मागं उसाचा ट्रॅक्टर. अण्णा ब्रेकवर उभेच राहिले, मी उडी टाकून चाकाखाली दगड लावला. ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला. अण्णांच्या कपाळावर घाम होता. त्याच ट्रॅक्टरला बांधून गाडी ओढत आणली.

रफीक मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलला. काळ्या ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा चमकत होता.

"अण्णा, दातच न्हाईत की ऱ्हायलेलं. माझ्या आज्ज्याला ह्यापेक्षा जास्त हाईत."

"जुनंच बसीव कसंतरी."

"न्हाय बसवणार. उद्या ह्या पोराचा जीव गेला तर?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "टाक नवीन."

चार दिवस ते मिस्त्रीच्या दारात स्टुलावर बसून होते. गाडी आली तेव्हा दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. गल्लीनं पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी सचिन दारात. "अण्णा, किल्ली द्या की. खत आणतो." मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. आठवड्यात चारदा गाडी गल्लीबाहेर गेली आणि चारही वेळा अण्णा पायरीवर बसलेले.

"आता आराम हाय की, अण्णा," मी म्हणालो.

"व्हय, आराम." चष्मा पुसत राहिले. "साखरपुडा म्हण, बारसं म्हण, मला न्यायला लागायचं. दुसरा कुणाला पडत न्हवता न्हवं. जेवूनच या म्हणायची माणसं. आता किल्ली जाती, मी ऱ्हातो."



रविवारी मावशीकडून तांदळाची पोती आणायला कोडोलीला जायचं होतं. मी त्यांच्या दारात उभा राहिलो. काही बोलायच्या आत त्यांनी किल्ली पुढं केली.

"मला न्हाय येत चालवायला," मी म्हणालो.

"मीच शिकवलीय तुला. खोटं बोलतोस?"

"व्हय."

अण्णांनी हात मागं घेतला. मग किल्ली मुठीत धरून आत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी हाक मारली, "अण्णा, पोतीच आणायची हाईत!"

बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, ओले केस बसवून.

"मावशी जेवायला थांबवून घेणार," गुंड्या लावत ते म्हणाले. "पावण्यानं असंच जायचं व्हय?"