पेशी गेल्या कुठे?

"बत्तीस वर्षं रक्त पाहतोय मी! ओझोनने पेशींचं काय होतं ते आधी माझा डोळा सांगेल, मग डॉक्टरीणबाई!" एवेलियोने दवाखान्याच्या व्हरांड्यात छाती फुगवून जाहीर केलं आणि जमलेल्यांना कॉफी वाटली. सिएनफ्वेगोस शहरातल्या त्या दवाखान्यात रक्त तपासायला तोच आणि कॉफी करायलाही तोच.

आज मात्र त्याच्या जिवाला घोर होता. बायकोच्या, मिग्दालियाच्या पायाची जखम मधुमेहामुळे भरत नव्हती. अंगठा जायची वेळ आली होती. आज तिला पहिल्यांदा ओझोन मिळणार होता, तोही मागच्या दाराने, बारीक नळीतून! ओझोनने तांबड्या पेशी प्राणवायू सढळ हाताने वाटू लागतात, असं डॉक्टर सोराईदांचं म्हणणं.

"बोट दे," तो बायकोला म्हणाला.

"आधी बोटाला सुई, मग तिकडे नळी! म्हाताऱ्या, एखादी तरी जागा सोड रे माझी!"

एवेलियोने बाटलीतलं थोडं सलाईन काचनळीत घेऊन त्यात तिचा थेंब मिसळला, त्यात ओझोन सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकही पेशी नाही! नुसतं तांबूस पाणी!

तो धावत सुटला. "थांबवा! नळी काढा! फुटताहेत!"

कुशीवर पडलेली मिग्दालिया किंचाळली, "काय फुटतंय?"

व्हरांड्यात नळीची वाट बघणारे पेशंट पँट सावरत पळाले.

सोराईदाबाई शांतपणे म्हणाल्या, "बिनओझोनचा थेंब पाहिलात का?"

नव्हता पाहिला. आता पाहिला. तोही साफ रिकामा!

"म्हणजे हिचं रक्तच..." एवेलियो पुटपुटला. जिच्याशी रोज भांडायचं ती नसेल तर घरी जायचं तरी कशाला? डोळे पुसत त्याने स्वतःचं बोट टोचलं, थेंब त्याच सलाईनमध्ये टाकला. त्यातही पेशी नाहीत!

"बाई, मीही गेलो!"

"गेलेली माणसं इतकी बोलत नाहीत." बाईंनी त्याची कॉफी तोंडाला लावली आणि फुर्रकन थुंकली. "ही खारट कशी?"

दोघांनी टेबलाकडे पाहिलं. सलाईनच्या दोन बाटल्या, लेबलंही तीच. एक खरी सलाईनची. दुसरीतून एवेलियो रोज कॉफीसाठी घरचं उकळलेलं पाणी आणायचा. आज कॉफी झाली सलाईनची आणि रक्त पडलं साध्या पाण्यात! साध्या पाण्यात पेशी टम्म फुगून फुटतात, हे शिकाऊ मुलींना ओरडून शिकवणारा हाच गृहस्थ!

"पण एवढ्या जणांनी कॉफी प्यायली. कुणी बोललं कसं नाही?" बाईंनी विचारलं.

"रेशनच्या कॉफीत वाटाणे दळून मिसळलेले असतातच," मिग्दालिया दारातून म्हणाली. "आम्हाला वाटलं, या महिन्यापासून मीठही आलं!"

खऱ्या सलाईनमध्ये पेशी दिसल्या. गोल, मधे अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारख्या. एवेलियो ओझोनवाल्या आणि बिनओझोनच्या थेंबांकडे आळीपाळीने बघत बसला.

"बाई, मला तर दोन्ही सारख्याच दिसतात."

"दोन थेंबांवरून काही ठरत नसतं. रोज पाहा, लिहून ठेवा. आणि मी पाय बघते."

एवेलियोने निमूटपणे बाटलीवर ठळक अक्षरांत 'पाणी' लिहिलं आणि प्रायश्चित्त म्हणून त्याच पाण्याची ताजी कॉफी करून बायकोला दिली.

तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"सकाळचीच बरी होती रे!"