वरचा एक डॉलर

शुभकार्याच्या पाकिटात नुसते शंभर घालायचे नाहीत, वर एक घालायचा, हे मला आईने शिकवलं. परदेशात गेलास तरी संस्कार सोडू नकोस, हेही तिनेच सांगितलं. या दोन उपदेशांमुळे मी ऑस्ट्रेलियातून परत पाठवला जायच्या बेतात आलो होतो, त्याची ही हकीकत.

मी टूनगॅबीत राहतो तो विनीताचा नवरा म्हणून. हा विनय नाही, माझ्या व्हिसावरच तसं लिहिलंय (शब्द वेगळे आहेत, अर्थ तोच). विनीता वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. मी टाइल्सच्या एका शोरूममध्ये आठवड्यातून दोन दिवस लोकांना बाथरूमची स्वप्नं दाखवतो. माझा पगार पुण्यातल्या फ्लॅटच्या हप्त्यात जातो, म्हणून दर गुरुवारी विनीता माझ्या खात्यात शंभर डॉलर टाकते. आमच्या घरात त्याला वरखर्च म्हणतात. (पॉकेटमनी हा शब्द तिने एकदा वापरला होता. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही.)

तात्पुरता व्हिसा कायमचा व्हायचा तर आपला संसार खरा आहे हे सरकारला पटवावं लागतं, आणि सरकारच्या मते संसार बँकेत दिसतो. आमची व्हिसा एजंट लीना, मूळची डोंबिवलीची, तिने बजावलं, "जॉइंट अकाउंट काढा आणि दोघंही त्यात रेग्युलर पैसे टाका. सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागेल. आणि मुरली, तुझ्याकडूनही आलेले दिसले पाहिजेत हं."

"दिसतील की," मी म्हणालो.

पहिल्या शुक्रवारी मी फोनवर शंभरचा आकडा टाकला आणि बोट अडलं. संसाराचं खातं, आणि शेवटी शून्य? मी एकशे एक केले. तपशिलाच्या रकान्यात 'शुभ' लिहिलं. मग तोच नेम झाला. सव्वीस शुक्रवार मी पोटाला चिमटा काढून राहिलो. डबा घरचा, ट्रेनचं कार्ड विनीताचं, केसही तिनेच कापलेले (ते दिसायचं).

कागद पाठवायला चार दिवस उरले असताना बँकेने खातं गोठवलं. स्टेटमेंटही निघेना. मी फोन लावला.

"काही व्यवहार संशयास्पद वाटले, सर," पलीकडची बाई म्हणाली. "सोमवारी आम्ही तुमच्या सहखातेदाराला फोन केला होता. मुरलीधर नावाच्या माणसाला ओळखता का, असं विचारलं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, नाही. आणि पुन्हा फोन करू नका."

आता थोडं मागे जायला हवं. गेल्या वर्षी 'तुमचा टोल बाकी आहे' असा मेसेज आला आणि मी प्रामाणिकपणे चारशे डॉलर कुठल्यातरी चोराला भरले. त्यानंतर मी घरात नियम केला: बँकेतून बोलतोय असं कुणीही म्हणालं, तर मी कुणालाही ओळखत नाही असं सांगून फोन ठेवायचा. नियम फ्रिजवर चिकटवला. आवाज बदलून विनीताची तालीमही घेतली. लग्नाला सहा वर्षं झाली, माझं एवढं एकच तिने ऐकलं.

"अगं, पण नवऱ्यालासुद्धा ओळखत नाही म्हणालीस?"

"फ्रिजवर एक्सेप्शन लिहिलेलं नव्हतं," विनीता म्हणाली. "आणि मी शिफ्टवर होते."

लीनाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ज्या बँकेचा कागद आपण लग्नाचा पुरावा म्हणून देणार, तिच्या रेकॉर्डला बायको म्हणते, मी याला ओळखत नाही. दोघं जा तिथे. उद्याच जा."

त्या रात्री मी खरंच घाबरलो. विनीता इथे, मी पुण्यात त्या फ्लॅटमध्ये हप्ता भरत एकटा, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. तिलाही झोप नव्हती, कारण माझं सारखं कूस बदलणं चालू होतं.

सकाळी बँकेतल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. "दर वेळी एकशे एकच का?"

"वरचा एक शुभ असतो."

"एक टक्का. म्हणजे व्याज?"

"नाही. आशीर्वाद."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. कुठल्या रकान्यात, ते मला अजून कळलेलं नाही. मग त्यांनी तिन्ही खाती शेजारी शेजारी मांडली. "हे बघा. गुरुवारी मॅडमच्या खात्यातून शंभर निघतात. एक रात्र तुमच्याकडे मुक्काम करतात. शुक्रवारी एकशे एक होऊन जॉइंट खात्यात येतात. आमच्या सिस्टीमला असल्या फिरत्या पैशांचा फार संशय येतो."

विनीताने हळूच मान वळवली. "तू माझेच पैसे मला परत देत होतास?"

"वर एक माझा होता," मी म्हणालो.

बाईंनी कॅल्क्युलेटर घेतला. विनीताला विचारलं, याला ओळखता का. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि हो म्हणाली. खातं मोकळं झालं. स्टेटमेंटसोबत बँकेने खुलाशाचं पत्रही दिलं: गैरसमज दूर झाला आहे, खातेदार पती-पत्नी आहेत, सहा महिन्यांत पतीची स्वतःची भर सव्वीस डॉलर.

"हे पत्र जोडू नकोस," मी लीनाला विनवलं.

"वेडा आहेस का? हेच सगळ्यात वर लावणार," ती म्हणाली. "आठवड्याला एक डॉलर देणाऱ्या माणसाला लग्न झाल्याशिवाय कुणी घरात ठेवत नाही."

पाच महिन्यांनी, एका बुधवारी, व्हिसा आला. विनीताने शिरा केला, आईला फोन झाला, आईने संस्कारांचं सार्थक झालं असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार. माझा फोन वाजला. विनीताने माझ्या खात्यात पैसे टाकले होते, एकशे एक. म्हणजे वरचा एक डॉलरसुद्धा आता तिचाच.

तपशिलात लिहिलं होतं: पॉकेटमनी.