दौलतजींची तांबडी-निळी पेन्सिल

दौलतजी धकाते पुस्तक डोळे मिटून निवडायचे. वाचनालयाच्या टेबलावर नवी रहस्यकथा आली की ते ती मधोमध उघडत, एक पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हलकेच चोळत, डोळे मिटत आणि मला विचारत, "काय जी मास्तर, यात मुडदा कितव्या पानावर हाय?"

मी शाळामास्तर, आणि संध्याकाळी सहा ते आठ महाल भागातल्या आमच्या वाचनालयाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे काम सगळं, मान जमेल तसा. चिटणिसाने मुडद्यांची पानं पाठ ठेवावीत असं आमच्या घटनेत कुठंही लिहिलेलं नव्हतं, पण दौलतजींमुळे मला ती पाठ झाली होती. "अकराव्या," असं मी म्हणालो तर ते मान हलवत. "लवकर हाय. लवकर मुडदा टाकते तो लेखक पुढं दम खाते." "साठाव्या," म्हणालो तरी समाधान नाही. "मंग तवरोक सारे करते काय? चहाच पेते?" एवढं बोलून पुस्तक मात्र घेऊन जात, कारण आठवड्याला एक रहस्यकथा त्यांना लागतेच लागते.

गांधीबागेतल्या एका मोठ्या कापडदुकानात त्यांनी तीस वर्षं कापडाची थानं मोजण्यात घालवली होती. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी कापड होती. "पहिल्या घडीवर जाऊ नका मास्तर. दुकानदार चांगली घडी वर ठेवते, लेखक चांगलं पान पयले ठेवते. मधातून पाहा." वर्णनं फार असली की म्हणत, "निवळ खळ हाय जी. एक धुणं पडलं की जाळी." आणि कथानकात कुठं चूक सापडली, की चेहरा उजळून, "सूत सुटलं. एकशे बारा पानावर सूत सुटलं."

त्यांना सापडलेली सुटलेली सुतं मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. एका कादंबरीत पछाडलेला बंगला होता. रोज जिना करकरायचा आणि घरातली माणसं रोज दातखिळी बसून पडायची. दौलतजींनी पुस्तक परत करताना विचारलं, "चमचाभर तेल टाकाले काय झालं होतं? एकानं तेल टाकलं असतं तर बाविसाव्या पानावर पुस्तक सरलं असतं." दुसऱ्या एका कादंबरीतला गुप्तहेर सिगारेट ओढल्याशिवाय विचारच करत नसे. त्याच्याबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं. "मंग ते डोकं त्या सिगारेटचं म्हणा."

एकदा मी उशांच्या अभ्र्यांना कापड घ्यायला त्यांच्या दुकानी गेलो. टेरिकॉटचं वारं नुकतंच सुटलेलं, दुकानात ही गर्दी. त्या आठवड्याच्या कादंबरीत एका बाईचा जरीच्या पदराने गळा आवळला होता, आणि दौलतजींना ते मुळीच पटलं नव्हतं. "लेखकानं पदर कधी हातात घेतला नाही मास्तर. जर मोडते, टोचते, हातातून निसटते. हे पाहा." असं म्हणून त्यांनी एका लुगड्याचा पदर माझ्या गळ्याभोवती घेतला आणि आपुलकीने विचारलं, "ओढू?" समोर बसलेल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. गादीवरचे शेठ मात्र मान वर न करता म्हणाले, "दौलतजी, पयले मास्तरचा कपडा कापा."

मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. एका टोकाला तांबडी, दुसऱ्या टोकाला निळी. थान भराभर उलगडत एके ठिकाणी थांबले आणि निळा गोल केला. "इथं खोट हाय. हे गिऱ्हाइकाच्या वाट्याले जाऊ द्यायचं नाही." गोलाच्या अलीकडे-पलीकडे तांबडी रेघ मारली. "इथून कात्री. खोट गाळायची अन् पुढचं द्यायचं." मला बिनखोटीचे अभ्रे मिळाले. पेन्सिल कानावर गेली.

हीच पेन्सिल त्यांना भोवली. ते वाचनालयाच्या पुस्तकांवरही तिनेच खुणा करत. पुस्तकाच्या उत्तरार्धात निळे गोल, तांबड्या रेघा, आणि समासात ठसठशीत अक्षरात एक नाव. पोस्टातल्या काळ्यांनी तक्रारवहीत लिहिलं, "पुस्तकात पानोपानी 'माळी' असे लिहिले आहे. त्यामुळे मी आठ दिवस त्या गरिबाचा संशय घेतला. प्रत्यक्षात खुनी डॉक्टर निघाला. याला जबाबदार कोण?"

गंमत अशी, की ती 'माळी'ची खूण मला आधीच खटकली होती. कारण ते पुस्तक परत करताना दौलतजी मला टेबलाशी म्हणाले होते, "डॉक्टर. मले साठ पानालेच समजलं होतं." आणि हे दर वेळचं होतं. तोंडाने नेहमी बरोबर, पेन्सिलीने नेहमी चूक. तोंडाने पुतण्या म्हणत, पेन्सिल स्वयंपाकीण म्हणे. तोंड भागीदार म्हणे, पेन्सिल सत्तर वर्षांची आत्या. मी स्वतः दर आठवड्याला भलत्याच माणसाला फासावर चढवणारा वाचक. ज्याला खुनी साठाव्या पानावर कळतो, तो खुणा मात्र निरपराध्यावर का करतो, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. लोक म्हणायचे, धकाते थापा मारतो, शेवट आधी वाचून येतो. थोडं मलाही तसंच वाटू लागलं होतं.

समितीने ठराव केला. पुस्तकं खराब करणाऱ्या सभासदाचं नाव कमी करावं, आणि चिटणिसाने त्याच्याकडचं पुस्तक परत आणावं. चिटणीस मी. गुरुवारी दौलतजी आले तेव्हा मी खाली बघतच त्यांना हे सांगितलं.

त्यांनी टेबलावरचं नवं पुस्तक उघडलं होतं, ते मिटलं. मग ते म्हणाले, "मास्तर, माझं नाव नका काढू. बाकी काईबी करा. झाडलोट करतो वाचनालयाची." पंचावन्न वर्षांचा माणूस एका रहस्यकथेसाठी झाडू मारायला तयार होतो, हे मला विचित्र वाटलं आणि वाईटही वाटलं. "बरं, घरी हाय ते पुस्तक तेवढं पुरं होऊ द्या," ते म्हणाले. "आइतवारी घरून घेऊन जा."

रविवारी चार वाजता मी त्यांच्या घरी गेलो. कोष्ट्यांच्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, दार लोटलेलं. आतून मोठ्याने वाचल्याचा आवाज येत होता, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. ते पुस्तक मी वाचलेलं होतं. त्यात वकील पुतण्या काकाला मारतो, आणि म्हातारा दरवान चौथ्या प्रकरणातच साप चावून मरतो.

"गुप्तहेराने शांतपणे चष्मा पुसला," दौलतजी वाचत होते, "आणि तो म्हणाला, 'सभ्य गृहस्थहो, खुनी याच दालनात उपस्थित आहे.'" इथवर बरोबर होतं. मग ते थांबले, खाकरले आणि आवाज थोडा बदलला. "तेवढ्यात दार वाजलं. दारात दरवान. सारे घाबरले. गुप्तहेर म्हणे, 'काहून गा, तू तर साप डसून मेला होता ना?' दरवान म्हणे, 'नाही जी साहेब. तो साप बिनविषारी होता. मी तसाच पडून राहिलो होतो. मालकाले मीच मारलं.'"

"पाहा," एक बाई म्हणाली. "मी पयल्याच दिवशी म्हटलं होतं ना, दरवान म्हणून?"

"हाव वं बाई," दौलतजी म्हणाले. "तुह्यापुढं त्या साहेबाचीबी अक्कल कमी पडली. मले तर तो पुतण्याच वाटून राहिला होता."

मी बाहेर उभा होतो आणि गांधीबागेतलं ते थान माझ्या डोळ्यांसमोर उलगडत होतं. निळा गोल म्हणजे खोट, म्हणजे दरवानाला निरपराध ठरवणारं वाक्य. तांबडी रेघ म्हणजे इथून कात्री. समासातलं नाव म्हणजे आतल्या बाईचा अंदाज. खोट गाळायची आणि पुढचं द्यायचं. मी मास्तर, मुलांना निबंध शिकवणारा, आणि एवढं साधं मला कळलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली.

दार ढकललं तसं दौलतजींनी पुस्तक मिटलं आणि पेन्सिल कानावरून खिशात टाकली. खाटेशी खाली मंजुळाबाई, त्यांच्या पत्नी, चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. नजर समोरच्या भिंतीवर कुठंतरी, आणि बोटं सूत चाचपत होती. काचबिंदूने डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं हा माणूस मला दर आठवड्याला भेटत होता, मुडद्यांबद्दल तासन् तास बोलत होता, आणि याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

"मास्तर आले वं," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आतल्या खोलीत गेले.

"नाव काढून राहिले का जी त्याईचं?" मंजुळाबाईंनी हळूच विचारलं. "सांगितलं नाही मले. पण गुरुवारपासून जेवण उतरत नाही, म्हणून समजलं."

मी पेन्सिलीचं सांगितलं. त्या जराशा हसल्या.

"डोळे गेले त्या साली त्याईनं मले पहिलं पुस्तक वाचून दाखवलं. मी म्हटलं, भाऊ खुनी. निघाला दुसराच. मी म्हटलं, डोळ्यासंगं अक्कलबी गेली माझी. लई रडली मी त्या दिवशी. ते काईच बोलले नाही. त्यानंतर मास्तर, माझा अंदाज एकदाबी चुकला नाही." चरखा थांबला. "एवढी हुशार तर मी नाही ना जी."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत कसं नसंल? शेवटच्या दिवशी तो गुप्तहेर आपल्या गल्लीतल्यावानी बोलाले लागते. अन् पानबी उलटत नाही."

"मग दरवान का सांगितलात? तो तर मेला होता."

"म्हणूनच तर." आतल्या कपबशांच्या आवाजाकडे त्यांनी कान दिला. "सोपं नाव घेतलं तर त्याईले काई काम उरत नाही. अवघड घेतलं की दोन-दोन दिवस इचार करते. इतकी वर्सं हा मानूस दुकानात बोलून बोलून घरी यायचा, अन् घरात चूप. जेवला की झोपला. पुस्तकं मी वाचायची, त्याईले कंटाळा. डोळे गेले तवा घरात बोलणं आलं मास्तर. आता मले डोळ्याचं तेवढं वाटत नाही. त्याईले सांगू नका जी."

दौलतजी चहा घेऊन आले. "काय सांगून राहिली वं मास्तरले?"

"काई नाई. म्हटलं, दरवानाचं मले पयलेपासून माहीत होतं."

तो चहा मी कसा प्यायलो मला आठवत नाही. गोड होता एवढं खरं.

समितीला मी सांगितलं की सभासदाने चूक कबूल केली आहे आणि पुढची जबाबदारी चिटणिसाची. काळ्यांनी कुरकुर केली. गुरुवारी दौलतजी आले, तेव्हा शाळेच्या डब्यातली एक मऊ शिशाची पेन्सिल मी त्यांच्यापुढे ठेवली. "तांबडी-निळी दुकानात वापरा. पुस्तकाला ही."

त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे खोडता येते ना?"

"येतं."

"खोडंल कोण?"

"चिटणीस."

एका कानावर तांबडी-निळी होतीच, दुसऱ्यावर त्यांनी ही चढवली. मग टेबलावरचं नवं पुस्तक मधोमध उघडलं, पान चोळलं, डोळे मिटले. "मास्तर, यात मुडदा कितव्या पानावर हाय?"

तेव्हापासून त्यांचं पुस्तक परत आलं की मी खोडरबर घेऊन बसतो, आणि खोडण्याआधी सगळं वाचतो. आता खोडता येतं म्हणून ते नावाबरोबर कारणही लिहितात. खरं सांगायचं तर छापील खुन्यापेक्षा दौलतजींचा खुनी मला बहुतेक वेळा जास्त पटतो. एका आत्याबाईंनी विष का घातलं, हे लेखकाला सुचलंच नसतं.

मागच्या महिन्यात मात्र एक पुस्तक आलं, त्याच्या समासात कुणाचंच नाव नव्हतं. मी पानं उलटत शेवटपर्यंत गेलो. शेवटचं सबंध प्रकरण रेघ मारून गाळलं होतं. मंजुळाबाईंनी या खेपेला भलतंच अवघड घातलं होतं. खुनी कोणीच नाही, असं त्या म्हणाल्या असणार. शेवटच्या पानाच्या कोऱ्या जागेत दौलतजींच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "मुडदा उठून बसला. म्हणे, काहून रडता गा सारे? डोळा लागला होता."

हातातलं खोडरबर मी खिशात टाकलं. काळ्यांना तक्रार करायची असेल तर करू देत.