खालची मान

हेडक्लार्कबाईंना कर्करोग झाला, ही गोष्ट गंभीर होतीच. पण तो कुठे झाला ही गोष्ट त्याहून गंभीर होती, कारण ती चारचौघांत सांगायची कशी हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं स्वच्छ सांगितलं होतं. गर्भाशयाच्या मुखाशी आजार आहे, अगदी सुरुवातीचा. वेळेवर काढला तर बाई ठणठणीत होतील. गर्भाशय काढायचं आणि ओटीपोटातल्या शेजारच्या लसिकाग्रंथी, म्हणजे बारीक बारीक गाठी, त्याही काढून तपासायच्या. आजार घर सोडून निघाला असेल, तर पहिला मुक्काम बहुधा त्यांच्याकडेच करतो. बाईंना भीती वाटली, पण पटलं. नवरोबा मात्र तेवढा वेळ पंख्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ताईला काय सांगायचं?"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, बाईंची नणंद. नवरोबांनी सभ्य शब्द शोधला, तो इंग्रजी निघाला: सर्व्हायकल. इंग्रजीतून सांगितला की कुठलाही अवयव अंगभर कपडे घालून येतो. ताईंच्या मानदुखीलाही डॉक्टर हाच शब्द वापरत, त्यामुळे त्यांचा जीव भांड्यात पडला. मानेचंच ना, मग मान कुणाची दुखत नाही? त्यांनी स्वतःचा जुना पट्टा आणून बाईंच्या गळ्यात बांधला. बाई काही बोलणार, तोच नवरोबांनी डोळ्यांनी दटावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रजेच्या अर्जातही मग मानच गेली. कचेरीनं हळहळून बाईंची खुर्ची उंच करून दिली. पण दवाखान्याचा दाखला आला आणि साहेबांनी शेरा मारला: 'आजार मानेत असताना गाठी ओटीपोटातून काढण्याचे प्रयोजन काय? तसेच ज्या गाठींविरुद्ध तूर्त कोणतीही तक्रार नाही, त्या का काढाव्यात? खुलासा करावा.' दोष कुठवर पोचलाय हे बघायला शेजाऱ्यांनाही तपासतात, ही पद्धत त्या कचेरीला नवीनच होती. रजा अडली. ऑपरेशनची तारीख तोंडावर आली. उशीर केलात तर 'सुरुवातीचा' हा शब्द मला मागे घ्यावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

बाईंनी खुलाशात सरळ 'गर्भाशयमुख' लिहिलं. सदर शब्द कार्यालयीन वापरात नसल्याचं सांगून कागद परत आला, आणि पर्यायी शब्दासाठी समिती बसली. सगळे पुरुष, सगळे संसारी, सगळे एकेका गर्भाशयातूनच जगात आलेले.

बाई समोर उभ्या राहिल्या. "साहेब, शब्द मी उच्चारते. तुम्ही फक्त सही करा."

त्यांनी उच्चारला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्याच अवस्थेत समितीला शब्द सुचला आणि एकमतानं मंजूर झाला: 'खालची मान'. रजा मिळाली.

ऑपरेशन झालं. गाठी तपासल्या, एकीतही आजार नव्हता. हे ऐकून बाई ढसाढसा रडल्या. भेटायला येणारे गळा निरखून बघत आणि एवढासुद्धा वण नाही म्हणून डॉक्टरीणबाईंच्या हाताचं कौतुक करत. अशा गाठी काढल्यावर पायांना सूज येऊ शकते, म्हणून ताई राहायला येऊन रोज बाईंचे पाय बघायच्या. मानेचं ऑपरेशन आणि सूज पायाला, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. शिरा सगळ्या एकच, म्हणाल्या.

एका दुपारी पाय बघता बघता त्या सहज म्हणाल्या, "सुटलीस बाई. मला धास्तीच होती, आपल्यालाही असलंच काही निघतंय की काय. पण माझी मान हल्ली अगदी छान आहे. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली तरी अधूनमधून अंगावर लाल जातं, तेवढंच. ते काय, चालायचंच."

बाई उठून बसल्या. "कधीपासून, वन्सं?"

"तुझ्या ऑपरेशनच्या आधीपासून. असलं कुणाला सांगायचं? तुझ्यासारखं मोठं दुखणं थोडंच आहे!"

"वन्सं," बाई म्हणाल्या, "माझी मान कधीच दुखली नव्हती."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, शब्द न गाळता, शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. दारात उभे असलेले नवरोबा गाडी बोलवायला धावले. ताईंची तपासणी झाली. निकाल यायचा आहे.

तोवर तुम्ही एक करा. ही गोष्ट घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा. दुसऱ्या परिच्छेदातल्या 'गर्भाशया'पाशी आवाज कुणाचा उतरतो, ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.